संत निकोलाच्या दिवशी ड्यूटीवर कोण?

गाव्रिलो साहेबांनी माझ्या कामाला ‘नोहाची होडी’ असं नाव ठेवलं होतं, कारण त्यात सगळं जोडीजोडीनं होतं. दोन तारा, दोन पेट्या, दोन वीजपुरवठे, नियंत्रण कक्षात शेजारी शेजारी दोन पडदे. बीटाची साखर करणाऱ्या त्यांच्या कारखान्यात रस काढणाऱ्या टाकीपासून चुनाभट्टीपर्यंत प्रत्येक यंत्र नियंत्रण कक्षाशी सतत बोलत असतं. वाफ किती, रस किती, कुठली झडप किती उघडी. हे बोलणं तुटलं की यंत्रं स्वतःहून हात आवरून बसतात आणि कारखाना थांबतो. थांबलेला रस गरम भांड्यांत काळवंडतो, आंबतो. म्हणून मी या बोलण्याला दोन वाटा आखून दिल्या होत्या. एक बीट वाहून आणणाऱ्या कालव्यावरच्या लोखंडी पुलावरून, दुसरी चुनाभट्टीच्या मागून, जमिनीखालून. दोन्ही वाटा कुठेही एका भिंतीतून, एका खांबावरून किंवा एका खड्ड्यातून जाणार नाहीत याची मी आराखड्यात फार काळजी घेतली होती. एक तुटली तर डोळ्याचं पातं लवायच्या आत दुसरीनं काम उचलायचं.

ती खरंच उचलते की नाही, हे मात्र अजून कुणी पाहिलं नव्हतं.

“सोपं आहे,” मी ऑक्टोबरातच म्हटलं होतं. “कारखाना चालू असताना एक तार कापायची.”

“माझा कारखाना चालू असताना?” गाव्रिलो साहेब कारखान्याचे प्रमुख. साठीचे, भरदार मिशांचे. ते खुर्चीतून अर्धे उठले. “पोरी, बंद पडलेला कारखाना परत सुरू करताना तू कधी पाहिलायस? मी पाहिलाय. बायको आठवडाभर माझ्याशी बोलली नव्हती.”

“इतकी रागावली?”

“रागावेल कुणावर? मी आठवडाभर घरीच गेलो नव्हतो.”

त्यांचं म्हणणं मला कळत होतं. पण माझीही अडचण होती. करारात स्पष्ट होतं, की हंगाम चालू असताना ही चाचणी झाली तरच नवं जाळं मंजूर. नाही झाली तर जुनी एकेरी तार परत जोडायची आणि माझं जाळं पुढच्या शरद ऋतूपर्यंत तसंच पडून राहणार. आमच्या नोवी सादच्या कचेरीत माझ्या एकटीच्या नावावर असलेलं हे पहिलं काम. वर्षभर न वापरलेलं जाळं म्हणजे न वापरलेला आराखडा, आणि पुढचं काम मग दुसऱ्या कुणाच्या टेबलावर जातं. डिसेंबर अर्धा सरला होता. आवारातला बीटाचा डोंगर टेकडीएवढा उरला होता. मी दर सोमवारी विचारायचे आणि साहेब दर सोमवारी म्हणायचे, “बघू.”

एक गोष्ट मात्र त्यांनी आपणहून केली होती. कुठलीही एक वाट तुटली की संदेश दोन माणसांच्या फोनवर जायला हवा, अशी माझी अट होती. दोन वेगळ्या कंपन्यांचे फोन, दोन वेगळी माणसं, आणि कारखान्यापासून हाकेच्या अंतरावर. कारण कारखाना एका पायावर उभा आहे हे वेळेवर कळलं नाही, तर दुसरा पाय असून उपयोग काय? माणसं कोण ते साहेबांनी स्वतः ठरवलं. एकोणीस डिसेंबरच्या, म्हणजे संत निकोलाच्या दिवसाच्या ड्यूट्या लावल्या तेव्हा तर ते माझ्यासमोर छाती फुगवून उभे राहिले.

आमच्याकडे प्रत्येक घराण्याचा एक संत असतो. त्याच्या दिवशी, म्हणजे स्लाव्हाला, घरचा कर्ता दिवसभर उभा राहून पाहुण्यांना वाढतो, आणि देवापुढची मेणबत्ती सोडून कुठे जात नाही. गावातली निम्मी घरं निकोलाची. साहेबांचं घरही.

“तुला वाटलं असेल, म्हातारा विसरेल,” ते म्हणाले. “ओस्तोयाचं घराणं संत योहानाचं, जानेवारीतलं. लाझारचं संत जॉर्जचं, मे महिन्यातलं. निकोलाला दोघांच्याही घरी चूलसुद्धा थंड. घे तुझी जोडी!”

दोन्ही वाटा वेगळ्या होत्या. मी मान डोलावली.

एकोणीस तारखेला दुपार कलल्यावर मी साहेबांच्या घरी गेले. स्लाव्हाला कुणी कुणाला बोलावत नाही. ज्याला जायचं तो जातो, आणि ज्याच्याशी आपला संबंध आहे त्याच्याकडे न जाणं म्हणजे तोंडावर दार लावणं. घर कारखान्याच्या मागच्याच रस्त्यावर. बाहेर धुकं होतं, आणि हंगामात गावभर पसरतो तो उकडलेल्या बीटाचा मातकट गोडसर वास. आत माशाच्या रश्श्याचा वास. निकोला उपासाच्या दिवसांत येतो, त्यामुळे मांस नाही, पण कार्प मासा, अक्रोड घातलेली कोबीची पानं, कांद्यात भाजलेला पांढरा घेवडा हे सगळं होतं. दारातच साहेबांच्या आईनं, द्रागिन्या आजींनी, माझ्यासमोर उकडलेल्या गोड गव्हाचं ताट धरलं. मी चमचाभर घेतला.

तेवढ्यात भिंतीवरचा फोन वाजला. आजींनी ताटासकट वळून तो उचलला.

“हो, हो, गाव्रिलोचंच घर. अगं, ये की! फोनवर काय विचारायचं? निकोलाला काय बोलावणं लागतं?” आणि त्यांनी फोन खाली ठेवला. “जेवणाच्या आधीपासून ही बाई फोन करतेय. लाजतात काही काही बायका.”

आत लांब टेबलाभोवती वीसेक माणसं दाटीवाटीनं बसली होती. साहेब काळ्या सुटात, हातात वाइनची सुरई घेऊन उभे. टेबलाच्या या टोकाला ओस्तोया, गुबगुबीत, लालेलाल, आमचा नेटवर्कचा तंत्रज्ञ. त्या टोकाला लाझार, उंच, वाळका, विजेच्या खात्याचा फोरमन, आणि साहेबांच्या लग्नातला साक्षीदार. आमच्याकडे लग्नातला साक्षीदार हा सख्ख्या भावाहून जवळचा.

मी ओस्तोयाच्या शेजारी बसले.

“ओस्तोया,” मी हळूच विचारलं, “आज तुझी ड्यूटी ना?”

“आहे ना! फोन आहे माझ्याजवळ.” त्यानं खिसा चाचपला. मग दुसरा चाचपला. “कोटात आहे. आणि लाझार आहेच की ड्यूटीवर.”

“लाझार तिथे बसलाय.”

ओस्तोयानं मान लांब करून पाहिलं. लाझारनं तिकडून राकियाचा, म्हणजे फळांच्या कडक दारूचा, पेला उंचावला. “ओस्तोया! तू इथे कसा? मला वाटलं, तू गेटवर असशील!”

“आणि मला वाटलं, तू!”

टेबल हसलं. साहेब बहुधा स्वयंपाकघराकडे वळले होते, त्यांनी ऐकलं नाही.

“कोट कुठे आहे?” मी विचारलं.

“पलंगावर.”

मी उठले. शेजारच्या खोलीतल्या पलंगावर कोटांचा ढीग होता, सगळे काळे, सगळे जाड, सगळ्यांना धुराचा वास. मी एकेक बाजूला काढत होते, तर बाहेर साहेबांचं भाषण सुरू झालं. विषय मीच होते.

“ती आमची इंजिनिअर बाई आलीय बरं का. कुठे गेली? सगळं दोन-दोन मागते! दोन तारा, दोन पेट्या. नवरा मात्र एकसुद्धा नाही!”

“चाचणीत कुणी टिकलं नाही, साहेब,” मी खोलीतूनच म्हटलं. बाहेर मोठा हशा झाला.

“ऐका, ऐका! म्हणते, चालू कारखान्यात तार कापा. अरे, मी चाळीस वर्षं या खिडकीशी बसून कारखाना ऐकतोय. गप्प बसा सगळे. ऐका!”

सगळे गप्प झाले. खिडकीतून कारखान्याची घरघर येत होती, जमिनीतून उगवल्यासारखी, एकसारखी.

“एक तार तुटू दे,” साहेब म्हणाले, “आणि हा आवाज मी पेला खाली ठेवायच्या आत थांबतो की नाही बघा!”

त्याच वेळी माझ्या हाताला एक फोन लागला, आणि त्याच्या शेजारच्या कोटात दुसरा. दोन वेगळ्या कंपन्यांचे, दोन वेगळ्या माणसांचे, एकाच पलंगावर, आवाज बंद करून ठेवलेले. दोन्ही पडद्यांवर एकच ओळ होती. ‘पुलावरची वाट तुटली.’ जेवणाच्या आधी आलेली. खाली नियंत्रण कक्षातून आलेल्या न उचललेल्या फोनांची रांग.

मी ते दोन फोन घेऊन दारात आले, तर समोरच्या दारातून पिरोश्का आत येत होती. पिरोश्का म्हणजे नियंत्रण कक्षातली सकाळच्या पाळीची ऑपरेटर. निळा डगला, डोक्याला रुमाल, रागानं तांबडं झालेलं नाक. ती हंगेरियन, तिच्या चर्चचं पंचांग वेगळं. त्यांचा निकोला केव्हाच पोरांच्या बुटांत चॉकलेटं टाकून गेला होता.

“साहेब—” ती म्हणाली.

“आधी गहू,” द्रागिन्या आजी म्हणाल्या आणि चमचा तिच्या तोंडात घातला.

“माहेब, पुलाव—”

“चाव नीट. आता हे.” आजींनी राकियाचा छोटा पेला पुढे केला. पिरोश्कानं तो एका घोटात संपवला, कारण तसं केल्याशिवाय सुटका नाही हे तिला ठाऊक होतं.

“आजी, किती फोन केले मी!”

“मग आलीस ना शेवटी? उगाच लाजलीस.”

“साहेब!” पिरोश्का आता सगळ्या टेबलाला ऐकू जाईल अशी ओरडली. “बीट उचलायच्या यंत्राचा हात पुलात अडकला आणि तार तोडून गेला! यंत्रावरचा माणूस स्वतःच्या स्लाव्हाला पळाला, त्याला पत्तासुद्धा नाही. जेवणाच्या आधीची गोष्ट. तेव्हापासून पडद्यावर पिवळा दिवा घेऊन बसलेय मी. ओस्तोया उचलत नाही, लाझार उचलत नाही, तुमचा फोन उचलत नाही, आणि पाळीवरचा वायरमन निकोलावाला म्हणून रजेवर! पाळी संपली तेव्हा खुर्ची सोडता आली. इथे ड्यूटीवर कोण आहे?”

साहेब हातात सुरई धरून उभे होते. त्यांनी आधी खिडकीकडे पाहिलं. घरघर चालूच होती. मग पेल्याकडे पाहिलं. मग पुन्हा खिडकीकडे.

“जेवणाच्या आधी?” ते म्हणाले. “मी माशाचा रस्सा तीनदा घेतला.”

“घेतलात,” लाझार म्हणाला.

“तू बोलू नकोस! ड्यूटीवर होतास ना? आणि तू रे, ओस्तोया?”

“साहेब,” ओस्तोया उभा राहून म्हणाला, “मी तुमच्याच घरी आहे. नसतो आलो तर उद्या तुम्ही काय म्हणाला असतात?”

“काय म्हणालो असतो?”

“म्हणाला असतात, ओस्तोयाला आता माझं घर दिसेनासं झालं.”

“आणि मी तर तुमचा साक्षीदार,” लाझार म्हणाला. “तुमच्या लग्नात तुमच्या शेजारी उभा होतो. निकोलाला तुमच्या घरी न येता कारखान्याच्या गेटवर उभा राहू?”

दोघांचे संत वेगळे होते हे खरं. जानेवारी आणि मे, मध्ये साडेतीन महिने. पण यजमान कोण याचाच हिशेब केला होता. पाहुणे कुठे जातील, याचा विचारच कुणी केला नव्हता. आणि दोघांच्या वाटा ज्या एका दारात येऊन मिळत होत्या ते दार साहेबांचंच होतं. हे त्यांनाही कळलं, कारण ते आपल्याच दाराकडे बघत होते.

मला त्यांना तिथे तसं उभं ठेवायचं नव्हतं, आणि कारखानाही एका पायावर होता.

“साहेब,” मी म्हटलं, “दुसरी वाट अजून शाबूत आहे. पहिली आत्ता जोडायला हवी. जोडायचं यंत्र माझ्या गाडीत आहे. मला शिडी धरायला माणूस पाहिजे आणि वारा अडवायला एक.”

“मी येतो,” साहेब म्हणाले आणि थबकले. कोपऱ्यात निकोलाच्या तसबिरीपुढे उंच मेणबत्ती जळत होती. यजमान आज घर सोडत नाही.

द्रागिन्या आजींनी त्यांच्या हातातली सुरई काढून घेतली. “जा तू. तू जन्मायच्या आधीपासून मी ही मेणबत्ती सांभाळलीय. आणि मफलर घाल.”

पुलावर धुकं इतकं दाट होतं की खाली वाहणारे बीट दिसत नव्हते, फक्त पाण्यात त्यांचे ठोके ऐकू येत होते. तार लोंबत होती, सोलल्या दोरीसारखी. ओस्तोयानं खाली शिडी धरली. वर चढण्याच्या स्थितीत तो नव्हता, लाझार तर नव्हताच. मी कमरेला पट्टा बांधून वर गेले. माझ्यामागून साहेब सुटाबुटात चढले आणि आपला जाड कोट पसरून वाऱ्याकडे पाठ करून उभे राहिले. पिरोश्का घरी गेली नाही. तिनं विजेरी धरली.

काचेची तार केसाएवढी असते. दोन टोकं पुसून, नीट कापून, यंत्रात समोरासमोर ठेवली की ते ठिणगीनं वितळवून जोडतं. बोटं गार पडली की जमत नाही, आणि माझी पडली होती.

“हे इतकं बारीक?” ते म्हणाले.

“हो.”

“यातून अख्खा कारखाना बोलतो?”

“हो. कोट जरा डावीकडे.”

त्यांनी कोट डावीकडे घेतला. “आणि तुटली तेव्हा काहीच झालं नाही? एकही झडप मिटली नाही?”

“साहेब, मी समोर बसले होते ना,” पिरोश्का म्हणाली. “पिवळा दिवा लागला, बस्स. रस चालू, वाफ चालू. मी आधी म्हटलं, दिवाच बिघडला.”

तारा एकामागून एक जुळल्या. नियंत्रण कक्षातल्या दुसऱ्या पाळीच्या माणसानं फोनवर सांगितलं, की दिवा हिरवा झाला. चाचणीबद्दल मी काही विचारलं नाही. अपघातानं तुटलेली तार म्हणजे चाचणी नव्हे, असं करार म्हणतो. साहेबांना करार माझ्याइतकाच पाठ होता. आम्ही परत जाऊन उरलेला मासा खाल्ला. पिरोश्काला साहेबांनी स्वतःच्या हातानं वाढलं, दोनदा.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सामान आवरत होते. मंजुरी नाही, पण निदान तार जुळली होती. साहेब नियंत्रण कक्षात आले तेव्हा त्यांच्या हातात लांब दांड्यांची, तारा कापायची कातर होती. मागे लाझार आणि ओस्तोया, दोघंही पाणी पीत.

“पिरोश्का,” साहेब म्हणाले, “पुढच्या वर्षी निकोलाला ड्यूटीवर तू.”

“कशाला? मला पण मासा आवडतो.”

“डबा पाठवीन.”

“आणि पंचवीस डिसेंबरला, आमच्या नाताळला कोण?”

“ओस्तोया. आमचा नाताळ जानेवारीत. तोवर त्याला काम काय?”

“साहेब!” ओस्तोया म्हणाला.

“आणि तू आणि लाझार यापुढे एका टेबलावर दिसलात, तर एकाला मी खिडकीतून बाहेर काढीन. चल ग पोरी. कुठली कापू?”

मला नीट ऐकू आलं की नाही, याची खात्री नव्हती. “तुम्हीच ठरवा,” मी म्हटलं. “मी सांगितलेली कापली, तर त्याला अर्थ नाही.”

ते आम्हाला चुनाभट्टीच्या मागे घेऊन गेले, जिथे दुसरी वाट जमिनीतून वर येते. पिरोश्का पडद्यासमोर राहिली, फोन कानाला लावून. साहेबांनी झाकण उघडलं, तार हातात घेतली, छातीवर क्रूस काढला आणि कातर मिटली.

कट्ट.

सगळे कान देऊन उभे राहिलो. भट्टी धगधगत होती. पंप चालू होते. वरच्या मजल्यावर साखर दाटवायच्या भांड्यांचा जड, संथ घुरघुराट तसाच होता.

“पिवळा,” फोनमधून पिरोश्काचा आवाज आला. “बाकी सगळं चालू.”

साहेबांनी कातरीकडे पाहिलं, मग तुटलेल्या तारेकडे. “झालं?”

“झालं.”

“मला तर काहीच कळलं नाही.”

“त्याचसाठी होतं सगळं, साहेब.”

त्यांनी खिशातून करार काढून भिंतीवर धरला आणि सही केली. मग लाझारला म्हणाले, “जुनी तार आज उतरव. गुंडाळून कोपऱ्यात टाक.” मी भिंतीला टेकून उभी राहिले.

साहेब मात्र कातर खाली ठेवायला तयार नव्हते. “या पेटीची वीज काढली तर?”

“दुसरी पेटी काम उचलेल.”

“काढून बघू.” त्यांनी काढली. कारखाना चालूच राहिला. ते मिशीत हसले. “आता ती पुलावरची तार कापू.”

“नाही!” मी त्यांच्यासमोर ओरडले तो हा पहिला प्रसंग. “ही जोडल्याशिवाय नाही.”

“जोडायला किती वेळ?”

“अर्धा तास. वारा नसेल तर त्याहून कमी.”

साहेबांनी कोपऱ्यातली बादली उलटी करून घेतली, तिच्यावर बसले आणि कातर मांडीवर आडवी ठेवली.

“जोड,” ते म्हणाले. “मी थांबतो.”